थोरलीशी काडीमोड

पोत्याचं तुझ्याकडचं टोक सुटलं, पंचफुला, अन् आतली सगळी हळद माझ्या पायांवर आली.

हळकुंडं उकडून झाली होती, वाळून झाली होती. आता फक्त घासायची राहिली होती. ते दोन माणसांचं काम. हळकुंडं पोत्यात भरायची, एकानं इकडचं टोक धरायचं, एकानं तिकडचं, अन् पाळण्यासारखं पोतं झुलवत राहायचं. आत हळकुंडाला हळकुंड घासतं, वरची खरबरीत साल सुटते, पिवळा रंग उजळतो. जन्मभर आपण हे केलं. त्या सकाळीही ऊन चढायच्या आत वाडीतल्या आंब्याखाली बसलो होतो, अन् भांडण नेहमीचंच चाललं होतं.

"अवो, हळू. हळद घासून राह्यलो आपन, कोनाची हाडं नाई."

"मंग तू वढू नको ना तिकडून."

"मी कुठं वढतो? तुमचाच हात थरथरते आता. म्हतारे झाले तुमी. जा, थोरलीले सांगा जाऊन."

मग म्हणालीस, "थांबा, दम लागला." पिवळ्या हातानंच कपाळावरचा घाम पुसलास अन् आंब्याच्या बुडाला पाठ टेकलीस. मी सांडलेली हळद वेचत होतो अन् तुला बोलत होतो. टोक धरता येत नाही तर बसतेस कायले, अर्धी माती लागली हळदीला, आता पुन्हा पाखडा. बरंच बोललो. पाणी देऊ का विचारलं, तू उत्तर दिलं नाहीस. मला वाटलं रुसली. म्हणून आणखी चार शब्द जास्त बोललो.

जाणाऱ्या माणसानं समोरच्याचं बोलणं तरी पुरं ऐकून जावं. तुला ती पद्धतच नव्हती. माझं बोलणं अर्ध्यावर आलं की तू "बस" म्हणायचीस अन् उठून कामाला लागायचीस. या वेळी "बस"ही म्हणाली नाहीस.

तुझा जन्म कुठला, माहेर कोणतं, ते लिहीत नाही. ज्यांना ठाऊक आहे त्यांना ठाऊक आहे. तिसरीपर्यंत शिकलेल्या माणसाला सगळं लिहिता येत नाही, अन् मला सगळं लिहायचंही नाही. मला आपलं भांडण पुरं करायचं आहे.

थोरली कोण ते मात्र सांगावं लागेल, नाही तर वाचणाऱ्याला वाटायचं म्हाताऱ्याच्या दोन बायका होत्या. होत्या म्हणा. तुझं पहिलं लग्न झालं होतं. गणपत त्याचं नाव. पटकीच्या साथीत तो गेला, तेव्हा तुझ्या हाताची हळद अजून उतरली नव्हती असं तुझी आई सांगायची. पुढं तुझा-माझा पाट ठरला. आपल्या माळ्यांत विधवेचा पाट लागतो, धर्माची त्याला ना नाही. पण तो धर्म हो म्हणतो अन् तोंड वाकडं करतो, दोन्ही एकदमच. बाशिंग नाही, मांडव नाही, वाजंत्री नाही. गावाबाहेर जायचं, दिवस मावळल्यावर, चोरासारखं.

अन् मी होतो बिनलग्नाचा. बिनलग्नाच्या गड्याला पाटाची बायको करायची असली तर आधी त्याचं लग्न रुईच्या झाडाशी लावतात. म्हणजे मग तोही दुसरेपणाचा झाला, जोड बरोबर जमली. नाल्याच्या काठच्या रुईला मी हळद लावली, तिच्याभोवती सूत गुंडाळलं, फडकं पांघरलं, लोकांनी अक्षता टाकल्या. मला हसू आवरेना म्हणून काकानं पाठीत गुद्दा घातला.

दुसऱ्या सकाळी तू घरात आलीस तर माझ्या मोठ्या भावाची बायको, अनसूयावयनी, भिंतीकडे तोंड करून बसलेली. पाटाच्या बाईचं तोंड सवाशिणीनं पहिल्या सकाळी पाहायचं नसतं, असा नेम. मला वाटलं, आता ही रडेल. तू चूल पेटवलीस, भाकरी टाकल्यास, अन् वयनीच्या पाठीला म्हणालीस, "बाई, भाकर मागून देऊ का समोरून?"

वयनीनं हात मागं केला अन् भाकर घेतली. काय करील? भूक लागली होती.

त्याच दुपारी तू नाल्यावर गेलीस. रुईला हळदकुंकू वाहून आलीस अन् मला म्हणालीस, "थोरली चांगली हाय. बोलत नाई. तुमच्या जोगती होती." तेव्हापासून दर पाडव्याला तू तिला हळदकुंकू वाहत आलीस, अन् माझ्यावर चिडलीस की मला "थोरलीचे मालक" म्हणत आलीस.

हसण्यावारी नेलंस तू सगळं. मला नेता आलं नाही. पाटाच्या बाईनं नवरीला हळद लावायची नाही. लग्नाच्या जात्याला हात लावायचा नाही. बाळंतिणीची ओटी भरायची नाही. पहिल्या पंगतीत वाढायचं नाही. अन् हळद कोणाची? आपल्या वाडीतली! लावली तू, निंदली तू, खणली तू, कढईपाशी धुरात बसून उकडली तू. या गावात जी जी पोरगी नवरी म्हणून पिवळी झाली, ती तुझ्या हातच्या हळदीनं झाली. हळद चालते अन् हात चालत नाही? मी हे पारावर ओरडून सांगायचो. लोक ऐकून घ्यायचे, बिडी पुढं करायचे, अन् पुढच्या लग्नात पुन्हा तेच.

तू म्हणायचीस, "वरडता कायले? हळदीले मालूम हाय ना कोनं लावली ते. बस."

तुझ्या त्या "बस"नं माझं डोकं फिरायचं.

आपली दोन लेकरं झाली, दोन्ही राहिली नाहीत. गावानं कारण आधीच शोधून ठेवलं होतं. ते तुझ्या कानावर घालायला वयनीच आली. "पाटाच्या कुशीले देव राजी नसते वं माय," म्हणाली, अन् तुझ्याच गळ्यात पडून रडायला लागली. मी तिला घराबाहेर काढायला उठलो, तर तू मलाच बाहेर काढलंस. ओसरीवर बसून मी ऐकत होतो. आत तुम्ही दोघी रडत होतात. तिचं रडणंही खरं होतं, हे मला तेव्हाही कळत होतं, अन् त्यानंच जास्त राग येत होता.

कुंकू मात्र तू बंद्या रुपयाएवढं लावायचीस. हिरव्या बांगड्या हातभर. बोरीच्या बाजारात बायका वळून पाहायच्या, कोणी कुजबुजायचं, "पाटाची हाय न वं हे?" तू ऐकायचीस अन् त्याच बाईला विचारायचीस, "काय भाव देल्ली वांगी?"

यशोदा आपल्याकडे निंदायला यायची. छप्पन सालात तिच्या मोहल्ल्यातली माणसं नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आली. त्यानंतर ती वाडीत आली ते पांढरं लुगडं नेसून, अन् दुपारी बांधापलीकडे न बसता थेट आपल्या आंब्याखाली येऊन तिनं भाकर सोडली. वयनी पदर झटकून उठून गेली. तू यशोदेच्या भाकरीवर ठेचा ठेवलास अन् विचारलंस, "यशोदे, जुना धरम सोडला तं कसं वाटते वं?"

"डोक्यावरचा भारा खाली ठेवल्यावानी वाटते, बाई. मान कुठं हाय ते समजलं."

मला तर तेच पाहिजे होतं. ती गेल्यावर मी तुला धरलं. "पाहा. त्याईनं देल्ला फेकून. आपन कायले धरून बसलो? तुले कोन कुठं उभं करून राह्यलं इथं?"

तू खुरप्याची माती झाडत होतीस. "तिचं बराबर हाय. तिले कोनं उंबरठ्याच्या अंदर घेतलंच नाई, ती कायले दारात बसन? पन हे माहं घर हाय. मी काहून निघू?"

"घर म्हने! घरातले तुह्याकडं पाठ करून बसतात."

"बसू द्या. मारुती काय वयनीच्या बापाचा हाय?"

तू दर शनिवारी मारुतीला जायचीस, तेल घालायचीस, घंटा अशी वाजवायचीस की पारावरची कुत्री उठायची. कोणी वाटेत आलं नाही. येण्याची हिंमतच झाली नाही कोणाची. अन् मी, ज्याला कोणाची बंदी नव्हती, तो रागानं देवळात जायचंच बंद करून बसलो होतो.

मग तो बुवा आला. महाराष्ट्र झाल्यानंतरच्या एका सप्ताहात. गोड गळ्याचा माणूस, त्याचं खोटं नाही सांगत. पण कीर्तनात पतिव्रतेची गोष्ट लावली अन् घसरला. म्हणाला, "माऊली, बाईला नवरा एकच. ज्याच्याशी पहिली गाठ पडली, तो सात जन्मांचा. पुढं कोणी केला तर तो नुसता वाटेचा सोबती. वर गेल्यावर यमधर्म विचारतो, बाई तू कोणाची? तेव्हा पहिल्याचंच नाव घ्यावं लागतं."

सगळ्या माना तुझ्याकडे वळल्या. तू पुढच्याच रांगेत, ताजं कुंकू लावून. मी मागं खांबाशी होतो, उठणारच होतो, तेवढ्यात तू उठलीस.

"महाराज, एक पुसू काय?"

"विचारा, बाई."

"माह्या मालकाचं पयलं लगन रुईच्या झाडाशी लागलं. मंग यम त्याईले बी रुईकडेच धाडन काय?"

बाया पदर तोंडात कोंबून हसायला लागल्या. बुवा म्हणाला, "बाई, हा थट्टेचा विषय नाही."

"थट्टा नाई, महाराज. मले त्याईची तयारी करून द्या लागते. रुई नाल्याच्या काठाले राह्यते, तिथं काटे लय हायेत. पायताण देऊ का नको, तेवढं सांगा."

बुवानं टाळकऱ्यांकडे पाहिलं अन् भजन सुरू केलं, जरा जोरातच.

घरी येताना तू हसत होतीस. मी हसत नव्हतो. मी धर्माला शिव्या देणारा माणूस, पण त्या बुवाचं बोलणं काट्यासारखं आत गेलं होतं. मी विचारलं, "तो म्हनते ते खरं असलं तं?"

"असलं तं असो."

"असो म्हंजे?"

"त्यानं मले गनपतकडे धाडलं अन् तुमाले थोरलीकडे, तं आपन दोघं तिथं बी पाट लावू. मले अनुभव हाय."

अन् मी काय म्हणालो? "पायाखाली पाहून चाल, गोटे हायेत."

पंचफुला, एवढं सोपं होतं. हो म्हणायचं होतं. पण मला त्या वेळी गणपत दिसत होता. दर वर्षी पितरांच्या पंधरवड्यात तू त्याचं पान वाढायचीस. "त्याचं दुसरं कोनी राह्यलं नाई, मी नाई वाढन तं कोन वाढन?" असं म्हणायचीस. मी काही म्हणालो नाही कधी. पण त्याच्या पानावरचा वडा माझ्या वड्यापेक्षा मोठा असायचा. तू नाही म्हणायचीस. मी पाहिलेलं आहे.

आता कुसुमच्या लग्नाचं. हे भांडण आपलं सर्वांत मोठं, अन् ते मिटलेलं नाही.

कुसुम वयनीची पोरगी, पण वाढली आपल्या वाडीत, तुझ्या पदराला धरून. तिच्या लग्नाच्या आधीच माझा भाऊ गेला. म्हणजे वयनी आता विधवा. जो नेम ती दुसऱ्यांना सांगत आली, तो तिच्याच अंगावर आला, अन् तिनं तो मुकाट्यानं पाळला. पोटच्या पोरीच्या हळदीला आई मांडवात नाही. घराच्या मागच्या भिंतीशी गोणपाटावर बसून, आतली गाणी ऐकत.

मांडवात सवाशिणी जमल्या अन् कुसुम हटून बसली. "पयली हळद काकूच्या हातची लागन. नाई तं मी चौरंगावर बसतच नाई!" धावत येऊन तिनं तुझा हात धरला, ओढायला लागली. बाया एकमेकींकडे पाहायला लागल्या. नवरदेवाकडची माणसं ओसरीवर, त्यांच्यासमोर तमाशा कोणाला पाहिजे? त्या वेळी तू गेली असतीस तर कोणी तोंड उघडलं नसतं. माझी छाती फुगली. म्हटलं, आज पाहतोच.

अन् तू म्हणालीस, "पोट्टे, हात सोड. मले वाल सोलाचे हायेत."

तिच्या गालावरून हात फिरवलास, अन् चालती झालीस. घराच्या मागं. वयनीशेजारी गोणपाटावर बसलीस अन् दोघी शेंगा सोलायला लागलात. मी मागोमाग आलो. काय काय बोललो ते आठवतं. भित्री म्हणालो. जन्मभर तुझ्यासाठी भांडलो ते पाण्यात गेलं म्हणालो. तू शेंगा सोलत राहिलीस. वयनीनं मान वर केली नाही.

संध्याकाळी पाहुणे गेल्यावर मी पुन्हा सुरू केलं.

तू म्हणालीस, "मी अंदर गेली असती तं वयनी एकटी राह्यली असती मागं."

"वयनी? ज्या बाईनं तुह्या लेकरायच्या नावानं..."

"हो. तेच वयनी."

"तुले राग येतच नाई काय गं?"

"येते ना. भल्ला येते. पन राग आला म्हनून मी खोटी हावो असं नाई वाटत. ज्याले तसं वाटते, त्याले दुसऱ्याकून खरं म्हनवून घ्या लागते. तुमी कायले भांडता मंग? तुमाले वाटते काय मी खोटी हावो?"

मी तिथून उठून गेलो. पंचफुला, मला ते पटलं नव्हतं अन् अजूनही पटत नाही. मी तुला कधी खोटी समजलो नाही, तरी मला भांडावंसं वाटायचं. खऱ्या माणसानंही भांडावं. सगळेच तुझ्यासारखे शेंगा सोलत बसले तर कुसुमच्या पोरीच्या लग्नातही कोणीतरी भिंतीमागं बसलेली राहीलच. याचं उत्तर तुझ्याजवळ होतं काय? असेल तर ते घेऊनच गेलीस.

आता त्या दिवसाचं.

तुला घरी आणलं. बाया जमल्या. नवरा जिवंत असताना गेलेली बाई अहेव जाते. तिला हिरवं लुगडं, हिरव्या बांगड्या, कपाळभर कुंकवाचा मळवट. पण पाटाच्या बाईला अहेव धरत नाहीत. ज्याची ती खरी, तो आधीच गेला म्हणतात. मी तिथं जिवंत उभा होतो, दोन पायांवर, अन् त्या हिशोबात मी नव्हतोच. बाया वयनीकडे पाहायला लागल्या. घरात ती मोठी, ती म्हणेल ते खरं.

वयनी छाती बडवून रडत होती. तिच्याएवढं कोणी रडलं नाही. एकदम उठली, तिच्या घरात गेली, अन् पेटीतलं हिरवं लुगडं घेऊन आली. तिचं स्वतःचं, भाऊ गेल्यापासून घडी न मोडलेलं.

"हे नेसवा तिले. माहं हाय."

मी म्हणालो, "अन् कुंकू?"

"भाऊजी, कुंकू लावा असं माह्या तोंडातून निघत नाई. ते देवाचं हाय. माह्या घरचं असतं तं तेबी देल्लं असतं."

मग मी तोंड सोडलं. सगळं काढलं. ती सकाळ, ते जातं, ती लेकरं, ते वाल. बाया भिंतीला टेकल्या. वयनी लुगडं छातीशी धरून तशीच उभी, डोळ्यांतून पाणी गळतंय, अन् एक पाऊल मागं नाही, एक पाऊल पुढं नाही. पंचफुला, ही बाई वाईट असती तर किती बरं झालं असतं. वाईट माणसाला एक शिवी घातली की मोकळं होता येतं.

तुला आंघोळ घातली तर हळद निघेना. हात कोपरापर्यंत पिवळे, पाय पिवळे, घाम पुसला होतास ते कपाळ पिवळं, गाल पिवळे. नवरीला लावतात तेवढी हळद तुझ्या अंगावर होती. एक जण हळूच म्हणाली, "आनखी एक घागर आना, उतरन." वयनीनं डोळे पुसले. "राहू द्या. ते काई आपल्या हातानं लागली नाई."

मग कोनाड्यातली तुझी कुंकवाची डबी मीच काढली. बांगड्या मीच चढवल्या, एक फुटली. मळवट मीच भरला. हात थरथरतो, तू म्हणालीच होतीस. निम्मं कुंकू नाकावर सांडलं. तू असतीस तर म्हणाली असतीस, "कपाळ हाय माहं, खळं नाई." कोणी मला अडवलं नाही. वयनीनं भिंतीकडे तोंड केलं, पहिल्या सकाळी केलं होतं तसंच. या वेळी तिची पाठ हलत होती.

लाकडं पेटली, अन् मला तो बुवा आठवला. वाटलं, आता विचारत असतील तुला. गणपत तर विशीतलाच राहिला असेल. केस काळे, हात न थरथरणारे. आणि मी हा असा. इतकी वर्षं त्या लोकांना मूर्ख म्हटलं अन् त्यांचीच भीती माझ्या पोटात निघाली. तुझ्या पोटात ती कधीच नव्हती. कशी नव्हती, हे तरी सांगून जायचं होतंस.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नाल्यावर गेलो.

थोरली फुलली होती. बुडाशी तू पाडव्याला वाहिलेलं हळदकुंकू वाळून चिकटलेलं. मी तिच्यासमोर उभा राहिलो तोच मागून पायांचा आवाज आला. वयनी. धापा टाकत. एकदा नाल्यातल्या खोल डोहाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे.

"भाऊजी, इकडे कायले आले तुमी?"

"काडीमोड घेऊन राह्यलो."

"कोनाशी?"

"माह्या पयल्या बायकोशी."

"याड लागलं काय?"

"वयनी, नेम तुमचाच हाय. तिचा पयला तो खरा, तं माही पयली हे खरी. हिच्यापासून सुटल्याबिगर मी तिच्याशी पुन्हा पाट कसा लावू?"

वयनी रुईकडे पाहत राहिली. मला वाटलं, आता देवाचं काहीतरी काढेल अन् मग मी काय बोलेन ते मला सांगता येत नाही. पण ती म्हणाली, "काडीमोडीले पंच लागते."

"आता कुठून आनू पंच?"

"मी हावो ना."

"बायको मानूस पंच राह्यते काय कुठं?"

"मंग रुई तरी कुठं बायको मानूस हाय?"

तिनं पदर डोक्यावर घेतला अन् ताठ उभी राहिली, सभेत राहतात तशी. विचारलं, "राजीखुशीनं?"

"राजीखुशीनं."

मी रुईची एक काडी मोडली. पांढरा चीक माझ्या पिवळ्या तळहातावर उतरला. वयनी म्हणाली, "झालं, सुटले तुमी." थोरली काही बोलली नाही. तू म्हणाली होतीस तशीच.

मग वयनी म्हणाली, "चाला. हळद तशीच पडली हाय आंब्याखाली. दुसरं टोक मी धरतो."

तर माझ्याकडून मी मोकळा झालो, पंचफुला. गणपतचं तुझं तू पाहा. त्याला नीट सांग, त्यानं तुझं काही वाईट केलं नव्हतं. अन् त्या दिवशी कीर्तनातून येताना तू जे म्हणालीस, त्यावर मी गोट्यांचं काहीतरी बोललो होतो. ते उत्तर नव्हतं. उत्तर हो आहे. पण या वेळी दिवस मावळल्यावर नाही. भर दुपारी.